रेडिएटर फॅनचा थर्मो स्विच निवडताना आधी बंद होण्याचा आकडा बघा

कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाडीचा रेडिएटर फॅन चालेनासा झाला की गॅरेजमध्ये दोनपैकी एक उत्तर मिळतं. एक, "स्विच गेलाय, नवीन टाकू." मग पोऱ्या दुकानात जातो आणि आट्यांना जो बसेल तो स्विच घेऊन येतो. दुसरं, "कशाला खर्च करता साहेब, फॅन डायरेक्ट करून देतो." डायरेक्ट म्हणजे चावी फिरवली की फॅन सुरू आणि चावी काढेपर्यंत सुरूच.

डायरेक्ट केलेल्या गाडीला तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण थंडीच्या सकाळी इंजिन लवकर गरम होत नाही, चोक जास्त वेळ ठेवावा लागतो, अ‍ॅव्हरेज पडतं आणि फॅन मोटरचे ब्रश उगाच झिजतात. पहिल्या उत्तरात चूक अशी की आटे बसले म्हणजे स्विच बसला असं नसतं. स्विचवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ९२/८७. पहिल्या तापमानाला फॅन सुरू होतो, दुसऱ्याला बंद. दुकानदार आणि मेकॅनिक दोघेही पहिला आकडा बघतात. माझ्या मते निवड दुसऱ्या आकड्यावर करायची असते, आणि या लेखातलं बाकीचं बरंचसं त्याभोवतीच फिरतं.

हे सगळं ज्यांच्या गाडीत साधा थर्मो स्विच आहे त्यांच्यासाठी, म्हणजे कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० वगैरे. शिवाय ज्यांना प्रीमियर पद्मिनीसारख्या बेल्ट-फॅनच्या गाडीला इलेक्ट्रिक फॅन लावायचाय त्यांच्यासाठी. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत फॅन कधी लावायचा हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. तिथे असतो तो सेन्सर, स्विच नव्हे. त्या गाडीसाठी हा स्विच विकत आणू नका, त्याने काही होणार नाही.

आधी दोष स्विचचाच आहे का?

गाडी कुठे गरम होते ते आठवा. सिग्नलला, टोल नाक्याच्या रांगेत किंवा कसारा घाटात ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरवर रांगताना काटा वर चढतो आणि मोकळा रस्ता मिळाला की खाली येतो, असं असेल तर संशय फॅन किंवा स्विचवर. पण हायवेवर सत्तर-ऐंशीच्या वेगात गरम होत असेल तर फॅनचा संबंध नाही. त्या वेगाला समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो. मग रेडिएटर चोक झालाय का, थर्मोस्टॅट अडकलाय का, वॉटर पंप किंवा हेड गॅस्केट गेलंय का ते बघायचं. नवा स्विच टाकून हे दुखणं बरं होत नाही.

फॅनवर संशय असेल तर स्विचची वायर काढा. दोन पिनांचा स्विच असेल तर कनेक्टरमधली दोन टोकं एका छोट्या वायरने जोडा. एकाच पिनेचा असेल तर ती वायर इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवा. चावी ऑन ठेवून हे करायचं. फॅन फिरला तर फ्यूज, रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच), मोटर ठीक आहेत; दोष स्विचमध्ये किंवा त्याच्यापर्यंत न पोहोचणाऱ्या पाण्यात. नाही फिरला तर स्विचचे पैसे वाचले, फ्यूजपासून पुढे शोधायला लागा.

इथे एक अडचण येऊ शकते. काही जुन्या जपानी गाड्यांत उलटा स्विच असतो: थंड असताना जोडलेला आणि तापल्यावर तुटणारा. त्या गाडीत वायर काढली की फॅन आपोआप सुरू होतो. कंपनीचा हेतू असा की वायर तुटली तरी इंजिन वाचावं. तुमच्या गाडीत असं झालं तर दुकानात 'नॉर्मली क्लोज' स्विच मागायचा. नेहमीचा 'नॉर्मली ओपन' बसवलात तर थंड इंजिनावर फॅन चालेल आणि तापलं की थांबेल.

थर्मोस्टॅटवरचा आकडा

थर्मोस्टॅट आणि थर्मो स्विच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण दुकानात आणि गॅरेजमध्ये नावांची सर्रास अदलाबदल होते. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटरच्या मधला मेणाचा व्हॉल्व्ह. थंड इंजिनात तो पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ठरलेल्या तापमानाला उघडायला लागतो आणि त्याच्यापुढे दहा-बारा अंशांवर पूर्ण उघडतो. त्याच्या चकतीवर आकडा कोरलेला असतो, बहुतेक वेळा ८२ किंवा ८८.

हा आकडा वाचल्याशिवाय स्विच निवडू नका. हाऊसिंगचे बोल्ट काढून बघायचा कंटाळा येतो हे मान्य, पण त्याच वेळी थर्मोस्टॅट आहे की नाही हेही कळतं. आपल्याकडे "गरम हवामानात लागतोच कशाला" म्हणून तो काढून टाकायची जुनी रीत आहे. सेकंड हँड गाडी असेल तर तो जागेवर असेलच असं धरून चालू नका. नसेल तर आधी तो बसवा. थर्मोस्टॅट नसलेल्या गाडीत इंजिनाचं तापमान वेगावर आणि हवेवर अवलंबून असतं, त्यामुळे कोणताही स्विच लावला तरी हिशेब जुळत नाही.

स्विच कुठे बसणार?

सगळा हिशेब इथे ठरतो. स्विच तीन ठिकाणी असू शकतो: इंजिनावर थर्मोस्टॅटच्या आतल्या बाजूला, रेडिएटरच्या वरच्या टाकीत किंवा वरच्या होजमध्ये, आणि रेडिएटरच्या खालच्या टाकीत.

समजा थर्मोस्टॅट ८२ चा आहे आणि दुकानदाराने ८८/७९ चा स्विच दिला. तो इंजिनावर बसवला. ८८ ला फॅन सुरू झाला, पाणी थंड होऊ लागलं. स्विचला बंद व्हायला ७९ हवेत, पण ८२ च्या जवळ येताच थर्मोस्टॅट मिटायला लागतो, कारण इंजिन ८२ च्या खाली जाऊ न देणं हेच त्याचं काम. म्हणजे ७९ येतच नाही. फॅन एकदा लागला की लागलाच. मालक म्हणतो स्विच खराब आहे, दुकानदार म्हणतो ओरिजिनल आहे, आणि दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं असतं. वरच्या टाकीत हाच स्विच जरा बरा वागेल, कारण थर्मोस्टॅट मिटला की टाकीतलं पाणी एकटं थंड होऊ शकतं. तरी फॅन गरजेपेक्षा बराच जास्त चालेल.

म्हणून गरम बाजूसाठी, म्हणजे इंजिनावर किंवा वरच्या टाकीत-होजमध्ये बसणाऱ्या स्विचसाठी, नियम असा: स्विच बंद होण्याचा आकडा थर्मोस्टॅट उघडण्याच्या आकड्यापेक्षा चार-पाच अंशांनी तरी वर हवा. ८२ च्या थर्मोस्टॅटला ९२/८७ छान बसतो. ८८ च्या थर्मोस्टॅटला ९२/८७ चालत नाही, कारण ८७ हा ८८ च्या खाली आहे. तिथे ९७/९२ च्या आसपासचा बघा.

खालच्या टाकीत मात्र वेगळं गणित. तिथे रेडिएटरमधून थंड होऊन आलेलं पाणी असतं. गाडी पळत असताना ते वरच्यापेक्षा बरंच थंड असतं, आणि गाडी उभी राहून वारा थांबला की हळूहळू तापू लागतं. त्यामुळे खालचा स्विच इंजिन किती गरम आहे हे बघत नाही. रेडिएटरला काम झेपतंय की नाही हे बघतो. इथे तोच ८८/७९, जो वर बसवल्यावर गोंधळ घालत होता, ८२ च्या थर्मोस्टॅटबरोबर अगदी शहाण्यासारखा चालतो. आणि वरच्या बाजूला शोभणारा ९७/९२ खाली बसवला तर खालचं पाणी ९७ ला पोहोचेपर्यंत इंजिनाचं काय झालेलं असेल ते सांगायला नको.

खालच्या जागेचा एक तोटा लक्षात ठेवा. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला किंवा वॉटर पंप गेला तर गरम पाणी खाली येतच नाही. वर इंजिन भाजतंय आणि फॅन शांत. वरच्या जागेचा तोटा वेगळा: पाणी कमी झालं की आधी वरची टाकी रिकामी होते, स्विचचं टोक हवेत उघडं पडतं आणि त्याला खरं तापमान कळत नाही. नव्याने बसवताय आणि जागा निवडायची मोकळीक आहे, तर मी थर्मोस्टॅट हाऊसिंग किंवा वरचा होज निवडेन. पाण्याची पातळी बघायची सवय तर तशीही हवीच.

काही युरोपीय गाड्यांत थर्मोस्टॅट इंजिनात पाणी आत शिरतं त्या बाजूला असतो. तिथे वरचे आडाखे लागू होत नाहीत. मूळ स्विचवर जो आकडा आहे तोच आणा.

दोन आकड्यांमधलं अंतर, आणि उकळणं

सुरू आणि बंद यांत पाच ते दहा अंशांचा फरक असावा. दोन-तीनच अंश असतील तर फॅन सारखा लागतो-विझतो, रिलेचे काँटॅक्ट जळतात. बाजारात आकडा फिरवून लावायचे डिजिटल मोड्यूल स्वस्तात मिळतात. त्यांतला फरक मनासारखा ठेवता येतो हे खरं, पण बॉनेटखालची उष्णता, कंप आणि पावसाळी ओल यांत ती उघडी सर्किटची पट्टी किती टिकेल याचा विचार करून घ्या. चालू-बंदपलीकडे काहीच न कळणारा पितळी स्विच वर्षानुवर्षं चालतो. त्याच्या आत दोन धातूंची एक चकती असते, ती तापली की टक्कन उलटी होते आणि काँटॅक्ट जोडते. इतकंच.

सुरू होण्याचा आकडा उकळबिंदूपासून लांब हवा, आणि इथे रेडिएटर कॅप मध्ये येते. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या कॅपवर ०.९ लिहिलेलं असतं. तेवढा दाब टिकला तर साधं पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. पण कॅपचं रबर गेलेलं असेल तर दाब धरत नाही आणि पाणी उघड्या पातेल्यासारखं वागतं: मुंबईत १०० ला, पुण्यात ९८ च्या आसपास आणि महाबळेश्वरला साधारण ९५-९६ ला उकळतं. अशा गाडीत ९५ चा स्विच असेल तर वेण्णा लेकपाशी पोहोचेपर्यंत फॅन आणि वाफ एकदमच सुरू होतील. दोष स्विचचा नाही. स्विचच्या खरेदीबरोबर कॅपही बदला, किंमत फार नसते. आणि कूलंट घाला. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण दाबाशिवायही १०६ च्या आसपास उकळतं, शिवाय आत गंज धरत नाही.

दुकानात

जुना स्विच सोबत न्या. रॉकेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशने त्याचं षटकोनी डोकं घासलंत तर त्यावरचे आकडे बहुधा वाचता येतात. मग या गोष्टी जुळवा: दोन्ही आकडे, आटे, पिना, आणि पाण्यात जाणाऱ्या टोकाची लांबी. टोक जास्त लांब असेल तर आत कशाला तरी टेकेल. फारच आखूड असेल तर वाहत्या पाण्यापर्यंत पोहोचणार नाही.

आट्यांसाठी व्हर्निअर लावून बाहेरचा व्यास मोजा. १४, १६, १८ आणि २२ मिलिमीटर ही नेहमीची मापं, पिच बहुधा १.५. काही स्विच निमुळत्या आट्यांचे असतात, ते आट्यांवरच घट्ट बसून पाणी अडवतात. सरळ आट्यांच्या स्विचला वॉशर लागतो. "जरा जोर लावला की बसेल" असं कोणी म्हणालं तर स्विच परत द्या. पितळी टाकीचे आटे एकदा गेले की रेडिएटरवाल्याकडे नवा बुश बसवून डाग द्यावा लागतो.

तीन पिनांचा स्विच दोन वेगांच्या फॅनसाठी असतो, दोन वेगवेगळ्या तापमानांना दोन वेग. साध्या फॅनला त्याची गरज नाही.

पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊसजवळची स्पेअर पार्टची दुकानं किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड, असे स्विच कुठेही मिळतील. फक्त काउंटरवर "अमक्या गाडीचा फॅन स्विच द्या" एवढंच म्हणू नका. आकडे सांगा. आणि काट्याचा सेन्सर घेऊन येऊ नका, तो दिसायला सारखाच असतो. मल्टिमीटर लावला की फरक कळतो: साधा स्विच थंड असताना काहीच दाखवत नाही, सेन्सर ओहममध्ये काहीतरी आकडा दाखवतो.

बसवण्याआधी पातेल्यातली परीक्षा

नवा स्विचही तपासून घ्या, डब्यावरचा आकडा नेहमी खरा असतो असं नाही. जुन्या पातेल्यात पाणी घ्या. स्विच तारेने असा टांगा की पितळी टोक आणि आटे बुडतील, पिना कोरड्या राहतील आणि काहीही बुडाला टेकणार नाही. शेजारी स्वयंपाकाचा थर्मामीटर सोडा. तापाचा थर्मामीटर ४२ च्या पुढे जात नाही. मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन्ही पिनांना जोडा, एका पिनेचा स्विच असेल तर एक टोक पिनेला आणि एक अंगाला. गॅस बारीक. ऐंशीच्या पुढे पाणी ढवळत राहा, नाहीतर खालचं आणि वरचं तापमान वेगळं असतं. टक् आवाज येऊन बीप लागली की आकडा लिहून घ्या. गॅस बंद करा, बीप थांबेल तो दुसरा आकडा. छापलेल्यापेक्षा दोन-तीन अंशांचा फरक चालतो. दहाचा असेल तर स्विच परत.

९८ किंवा त्याच्यावरचा स्विच पुण्यात साध्या पाण्यात कधीच लागणार नाही, कारण पाणीच त्याच्या आधी उकळून मोकळं होतं. तिथे पाण्यात निम्मं कूलंट घालावं लागतं. तसं करायचं असेल तर स्वयंपाकघरात आणि भांड्यात नको, अंगणात एखाद्या पत्र्याच्या डब्यात करा. कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरं आणि लहान मुलं यांच्यापासून जपून.

वायरिंग

छोट्या गाडीचा फॅन आठ-दहा अँपिअर खातो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. काही जुन्या स्विचमधून हा करंट सरळ जायचा. तुम्ही तसं करू नका, रिले लावा. बॅटरीपासून फ्यूज, साधारण २० अँपिअरचा, आणि तो बॅटरीच्या जवळ. तिथून अडीच स्क्वेअर एमएमची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला, ८७ वरून फॅनला. ८५ आणि ८६ ही कॉईलची टोकं: एकाला चावीनंतरचा सप्लाय, दुसऱ्यापासून थर्मो स्विचमधून अर्थ. कॉईल अँपिअरच्या पाव भागापेक्षाही कमी घेते, त्यामुळे स्विचचे काँटॅक्ट टिकतात.

एका पिनेचा स्विच अंगातूनच अर्थ घेतो. त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली की अर्थ कमकुवत होतो आणि "नवीन स्विचही चालत नाही" अशी तक्रार सुरू होते. तांब्याचा वॉशर वापरा. रबरी होजच्या मध्ये धातूचा जोड टाकून त्यात स्विच बसवत असाल तर त्या जोडाला वेगळी अर्थ वायर द्यावीच लागेल, दोन्ही बाजूंना रबरच असतं.

पद्मिनीवाल्यांसाठी एवढंच: गाडीला अजून डायनामो असेल तर आधी अल्टरनेटर लावा. फॅनची गरज सिग्नलला असते आणि त्याच वेळी, आयडलवर, डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. फॅन बॅटरीतून खातो आणि संध्याकाळी हेडलाईट पिवळे पडतात.

एसी असेल तर एसी लागल्यावर फॅन लागावा म्हणून कमी आकड्याचा स्विच टाकायची गरज नाही. एसीच्या सप्लायने फॅन लावणारा दुसरा रिले जोडा, थर्मो स्विच आपल्या कामाला राहू द्या.

बसवणं आणि पाहणं

इंजिन पूर्ण थंड असतानाच. गरम रेडिएटरची कॅप उघडून भाजून घेणारे दर उन्हाळ्यात भेटतात. कूलंट स्वच्छ भांड्यात काढा, जुना स्विच सोडवा, बसण्याची जागा पुसा, नवा वॉशर. हाताने जाईल तेवढा फिरवा आणि मग पान्याने थोडंसं. पितळी टाकीचा पत्रा पातळ असतो आणि प्लॅस्टिक टाकीत रबरी सील असतं, दोन्हीकडे ताकदीचं काम नाही. कूलंट भरताना हीटर गरमवर ठेवा, म्हणजे हवा अडकत नाही.

मग कॅप लावून गाडी आयडलवर ठेवा. वरचा होज आधी थंड, मग अचानक गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला. त्यानंतर काही मिनिटांत फॅन लागला पाहिजे, थोडा वेळ चालून थांबला पाहिजे, आणि असंच पुन्हा. काटा अर्ध्याच्या आसपास राहावा. फॅन लागला पण पंधरा-वीस मिनिटं थांबतच नाही, तर बंदचा आकडा थर्मोस्टॅटशी पुन्हा ताडून बघा; तो बरोबर असेल तर रेडिएटर आतून चोक झालाय.

रिलेच्या कॉईलला चावीनंतरचा सप्लाय दिलात तर गाडी बंद केल्यावर फॅनही बंद. बॅटरीवरून सरळ दिलात तर गाडी बंद केल्यावरही, आतली उष्णता वर आली की, फॅन स्वतःहून फिरू शकतो. तशी जोडणी असेल तर बॉनेट उघडून काम करताना बॅटरीचं टोक काढा, आणि गाडी ज्या मेकॅनिककडे जाईल त्यालाही सांगा.

डॅशबोर्डखाली दोन बटणं मात्र मी आवर्जून लावायला सांगेन. एक थर्मो स्विचला समांतर, तो दगा देईल त्या दिवशी घाटात फॅन हाताने लावायला. दुसरं कॉईलची वायर तोडणारं, जुलैत मुंबईच्या मिलन सबवेसारख्या ठिकाणी पाण्यातून जावंच लागलं तर फॅन बंद ठेवायला. फिरता फॅन पाण्यात बुडला तर पाती तुटतात, किंवा वाकून रेडिएटरला लागतात, आणि जे पाणी उडतं ते थेट डिस्ट्रिब्युटरवर जातं. पाण्यातून बाहेर पडल्यावर ते दुसरं बटण परत ऑन करायचं. त्याच्याशेजारी एक छोटा लाल दिवा लावून ठेवा, म्हणजे विसरायला होणार नाही.